टाळेबंदीच्या वर्षी करंडक कुणाचा?

टोरांटोत यंग आणि फ्रंट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँक ऑफ मॉन्ट्रियलची १८८५ ची जुनी इमारत आहे. आता तिथे हॉकी हॉल ऑफ फेम आहे. आत, रंगीत काचेच्या उंच घुमटाखाली, स्टॅनले कप ठेवलेला असतो. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकीचा हा करंडक. उंची जवळजवळ ९० सेंटिमीटर, वजन साडेपंधरा किलो. वर वाडगा, त्याखाली गळा, आणि खाली पिंपासारखा गोल भाग. त्या पिंपाभोवती चांदीचे पाच रुंद पट्टे आहेत. पट्ट्यांवर जिंकलेल्या संघांची आणि खेळाडूंची नावे, हातोडीने एकेक अक्षर ठोकून उमटवलेली. १९७२ च्या नोंदीत 'बॉस्टन'मधल्या दोन्ही 'ओ'च्या जागी 'क्यू' पडला आहे, तो अजून तसाच आहे.

बघायला आलेली माणसे या करंडकाभोवती प्रदक्षिणा घालतात आणि आपापल्या संघाचे नाव शोधतात. मी प्रदक्षिणा घातली ती ज्या नोंदीत कुणाचेच नाव नाही, तिच्यासाठी. टँपा बे लाइटनिंगच्या २००४ च्या नोंदीने एक पट्टा संपतो. पुढचा पट्टा २००६ च्या विजेत्या कॅरोलायना हरिकेन्सने सुरू व्हायला हवा. पण त्याआधी कोरलेले आहे: २००४-०५, सीझन नॉट प्लेड. म्हणजे हंगाम खेळलाच गेला नाही.

ही ओळ तिथे कशी आली, आणि तिच्या जागी दुसरे काही येऊ शकले असते का, याचे हे प्रकरण. कोर्टकचेरीत उतरलेल्या माणसांची नावे तेव्हा वर्तमानपत्रांत छापून आली होती, तरी इथे ती गाळली आहेत. कोण बरोबर होते त्यापेक्षा निर्णय कुठे कुठे घेतले गेले, किंवा घ्यायचे राहून गेले, ते बघायचे आहे.

पार्श्वभूमी

१८ मार्च १८९२ ला ओटावातल्या रसेल हाउस हॉटेलात हॉकीपटूंच्या सन्मानार्थ जेवण होते. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनले ऑफ प्रेस्टन स्वतः आले नव्हते. त्यांचे पत्र लॉर्ड किलकर्सी यांनी वाचून दाखवले. आशय असा, की देशातल्या सर्वोत्तम संघाकडे वर्षभर राहील असा एक आव्हान-चषक असावा, आणि तो द्यायला मी तयार आहे. स्टॅनलेची मुले आणि मुलगी इझोबेल हॉकी खेळत. हे वेड घरातच शिरले होते.

मग लंडनच्या एका चांदीकाम करणाऱ्या पेढीकडून वाडगा आला. किंमत दहा गिनी, म्हणजे त्या वेळचे पन्नासेक डॉलर. उंची साडेअठरा सेंटिमीटर, डोसा घालायचे पीठ भिजवायला घेऊ तेवढा. आज टीव्हीवर खेळाडू डोक्यावर धरून नाचतात त्या उंच करंडकाची सुरुवात एवढ्याशा भांड्यातून झाली.

भांड्यापेक्षा महत्त्वाच्या होत्या त्याच्या अटी. आपल्याकडे शाळांच्या फिरत्या ढालीला बहुधा एक पोटनियम असतो: लागोपाठ तीन वर्षे जिंकली की ढाल कायमची त्या शाळेची. स्टॅनलेने हा दरवाजा सुरुवातीलाच बंद करून टाकला. कितीही वेळा जिंकला तरी चषक कुठल्याही एका संघाचा होणार नाही. विश्वस्तांनी मागितला की जिंकणाऱ्याने तो सुस्थितीत परत करायचा. आपले नाव आणि वर्ष आपल्या खर्चाने कोरून घ्यायचे. वाद झालाच तर विश्वस्तांचा शब्द शेवटचा. आणि एका विश्वस्ताची जागा रिकामी झाली तर उरलेल्याने नवा नेमायचा. या शेवटच्या अटीकडे पुढे परत यावे लागेल.

विश्वस्त दोन होते: ओटावाचे शेरीफ जॉन स्वीटलंड आणि 'ओटावा जर्नल' या वर्तमानपत्राचे मालक-संपादक फिलिप डॅन्स्कन रॉस. १८९३ च्या उन्हाळ्यात स्टॅनले भावाच्या मृत्यूमुळे इंग्लंडला परतले, अर्ल ऑफ डर्बी झाले, आणि स्वतःच्या नावाच्या चषकासाठी खेळलेला एकही सामना त्यांनी कधी पाहिला नाही. दान करून निघून गेलेला दाता आणि मागे राहिलेले दोन विश्वस्त. न्यासाच्या कामाशी संबंध आलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल.

सुरुवातीची वीसेक वर्षे चषक खरोखर आव्हानाचा होता. कुठल्याही भागातल्या संघाने अर्ज करावा, विश्वस्तांनी तो लायक ठरवावा, आणि मग सध्याच्या धारकाशी सामना व्हावा. १९०५ मध्ये पार युकॉनमधल्या डॉसन सिटीचा संघ चार हजार मैलांचा प्रवास करून ओटावाला आला आणि ९-२, २३-२ असा सपाटून मार खाऊन परत गेला. दुसऱ्या सामन्यात ओटावाच्या फ्रँक मॅगीने एकट्याने चौदा गोल केले. कॅनडात ही गोष्ट हसत हसत सांगतात. पण विश्वस्तांनी त्या संघाला 'या' म्हटले होते, हा तिच्यातला या प्रकरणाला लागणारा भाग.

नंतर पैसा आला. हौशी संघांसाठी १९०८ मध्ये ॲलन कप निघाला आणि स्टॅनले कप व्यावसायिकांकडे गेला. पूर्वेची आणि पश्चिमेची लीग आपापले विजेते एकमेकांसमोर उभे करू लागल्या. १९१७ ला सिअ‍ॅटल मेट्रोपॉलिटन्सने चषक प्रथमच अमेरिकेत नेला. १९२५ मध्ये व्हिक्टोरिया कूगर्सने तो जिंकला, आणि नॅशनल हॉकी लीग या पूर्वेच्या लीगच्या बाहेरच्या संघाच्या हाती तो गेला ती शेवटची वेळ. पुढच्याच वर्षी पश्चिमेची लीग बंद पडली. कुणी काही ठरवले नाही, पण रिंगणात एकच लीग उरली.

१९४७ चा करार

या प्रकरणाची गाठ २००५ मध्ये बसली असे सगळे मानतात. माझ्या मते ती ३० जून १९४७ लाच बसली.

त्या दिवशी विश्वस्तांनी नॅशनल हॉकी लीगशी लेखी करार केला. लीगतर्फे सही अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्बेल यांची. चषकाच्या स्पर्धेच्या अटी ठरवायचे आणि बदलायचे पूर्ण अधिकार विश्वस्तांनी लीगला दिले. लीगच्या अटींत न बसणारे आव्हान आपण स्वीकारणार नाही, हेही मान्य केले. बदल्यात लीगने चषक सांभाळायची आणि तो सुखरूप परत मिळेल याची हमी दिली. करारात दोन कुलपे होती. एक, विजेता हा जगातला मान्यताप्राप्त व्यावसायिक विजेता असला पाहिजे. दोन, करार लागू राहील तो खेळाच्या दर्जाने ही लीग जगात अग्रगण्य राहील तोवरच, आणि लीग विसर्जित झाली तर चषक विश्वस्तांकडे परत येईल.

सही करणाऱ्यांकडे बघा. रॉस तेव्हा नव्वदीला टेकले होते. १८९३ पासून चोपन्न वर्षे ते विश्वस्त होते, आणि दोनच वर्षांनी वारले. दुसरे कूपर स्मीटन आदल्या वर्षीच आलेले, आणि ते पूर्वी त्याच लीगचे मुख्य पंच होते. रॉस गेल्यावर आलेले रेड डटन हे त्याच लीगचे माजी अध्यक्ष. स्मीटननंतर १९७९ मध्ये विश्वस्त झाले ते खुद्द क्लॅरन्स कॅम्बेल. करारावर लीगच्या बाजूने सही करणारा माणूस बत्तीस वर्षांनी टेबलाच्या पलीकडे जाऊन बसला.

यात कुणाचा कपटी डाव होता असे मला वाटत नाही. रिकामी जागा उरलेल्या विश्वस्ताने भरायची, आणि हॉकीतला जाणता माणूस शोधायला गेले की तो लीगमध्येच सापडायचा. आपल्याकडच्या संस्थांत विश्वस्तांच्या मुलांची, भाच्यांची नावे जशी आपोआप यादीत येतात, तसेच. पण परिणाम असा, की मालकाच्या वतीने राखण करायची जबाबदारी हळूहळू भाडेकरूच्या घरातल्या माणसांकडे गेली.

त्या काळात कुलपांची दोनदा परीक्षा झाली. १९५३ मध्ये खालच्या अमेरिकन हॉकी लीगच्या क्लीव्हलंड बॅरन्सने आव्हान दिले. ते फेटाळले विश्वस्तांनी नव्हे, लीगच्या नियामक मंडळाने. १९७२ ते १९७९ वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही दुसरी व्यावसायिक लीग उभी होती. बॉबी हल, गॉर्डी हाव यांच्यासारखे मोठे खेळाडू तिच्याकडे गेले, तरी तिचा एकही संघ स्टॅनले कपसाठी खेळला नाही. तेव्हा 'जगातला मान्यताप्राप्त विजेता' म्हणजे कोण, हे विचारायला जागा होती. चषकासाठी दोन्ही लीगच्या विजेत्यांची गाठ मात्र पडली नाही.

प्रश्न उभा राहिला तो असा

१६ सप्टेंबर २००४ ला मालकांनी टाळेबंदी केली. टाळेबंदी म्हणजे इथे करोनातली नव्हे, गिरणीतली. संपात कामगार काम थांबवतो. टाळेबंदीत मालक दार लावतो. बाजू तीसही संघांच्या मालकांची आणि खेळाडूंच्या संघटनेची. मुद्दा पगारावरच्या कमाल मर्यादेचा. मालकांना प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर छत हवे होते, खेळाडूंना कित्येक महिने ते कुठल्याही रूपात नको होते. फेब्रुवारीत संघटना अखेर छत मानायला तयार झाली आणि वाद आकड्यावर आला: मालक ४ कोटी २५ लाख डॉलरवर अडले, खेळाडू ४ कोटी ९० लाखांवर. १६ फेब्रुवारी २००५ ला लीगच्या आयुक्तांनी हंगाम रद्द केल्याचे जाहीर केले. साखळीतले १,२३० सामने गेले. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगचा अख्खा हंगाम पैशाच्या वादात बुडायची ही पहिलीच वेळ.

चषक १८९३ पासून फक्त एकदाच न देता राहिला होता. १९१९ मध्ये सिअ‍ॅटल आणि मॉन्ट्रियल कनेडियन्स यांची मालिका २-२ अशी बरोबरीत होती, एक सामना अनिर्णित राहिला होता. तेवढ्यात इन्फ्लुएन्झाने खेळाडू आडवे झाले. मॉन्ट्रियलकडे उभे राहतील एवढे खेळाडू उरले नाहीत. चषक सिअ‍ॅटलला देऊ केला गेला, पण असा फुकटचा नको म्हणून सिअ‍ॅटलने तो घेतला नाही. चार दिवसांनी मॉन्ट्रियलचा जो हॉल वारला. त्या वर्षाची नोंद चषकावर आहे: मालिका अपूर्ण.

२००५ मध्ये तापाची साथ नव्हती. खेळाडू धडधाकट होते, शेकडो जण युरोपात जाऊन खेळतही होते. कॅनडाभर गल्लोगल्ली, गोठलेल्या तळ्यांवर, पालिकेच्या रिंकमध्ये आइस हॉकी चालूच होती. म्हणून लोक विचारू लागले: लीगने दुकान बंद ठेवले म्हणून स्टॅनलेचा चषक का बंद? तो लीगचा आहे का?

या प्रश्नाला कुणाकडे तयार उत्तर नव्हते. लीग विसर्जित झाली नव्हती, त्यामुळे दुसरे कुलूप उघडत नव्हते. पण ज्या वर्षी लीग खेळलीच नाही त्या वर्षी ती 'खेळाच्या दर्जाने अग्रगण्य' कशी ठरवायची? शून्य सामन्यांचा दर्जा कोणता? १९४७ च्या करारात याबद्दल अवाक्षर नाही. लीगच एक वर्ष घरी बसेल हे नव्वदीच्या रॉसना सुचण्याचे कारणही नव्हते.

समोर असलेले पर्याय

सगळ्यांत सोपा पर्याय काहीच न करण्याचा. लीग पुन्हा सुरू होईल तेव्हा चषक पुन्हा दिला जाईल. विश्वस्तांचा कल इकडेच होता. लीगबाहेर चषक द्यायला ते तयार नव्हते, आणि दोघांचीही कारकीर्द लीगच्या नोकरीत गेलेली होती. त्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. चषकाची किंमत तो कुणाला मिळतो यावर ठरते. दुय्यम संघाला एकदा दिला की पुढच्या वर्षी जिंकणाऱ्यालाही त्याची थोडी कमी किंमत वाटते. हा युक्तिवाद लबाडीचा नाही.

दुसरा पर्याय, चालू असलेल्या दुसऱ्या स्पर्धेच्या विजेत्याला द्यायचा. कोणत्या, इथे पंचाईत. अमेरिकन हॉकी लीगचा कॅल्डर कप होता, तो त्या वर्षी फिलाडेल्फिया फँटम्सने जिंकला. पण तो लीगचाच खालचा मजला. कुमारांचा मेमोरियल कप होता, तो लंडन नाइट्सने जिंकला (हे लंडन ऑन्टारिओतले). पण चषक शतकभर प्रौढ व्यावसायिकांचा राहिलेला. हौशी संघांचा ॲलन कप होता, पण तो निघालाच मुळी स्टॅनले कप त्यांच्या हातून सुटला म्हणून.

तिसरा पर्याय मला सगळ्यांत जास्त आवडतो, आणि त्याकडेच सगळ्यांत कमी लक्ष गेले: जुनी आव्हानपद्धत एका वर्षापुरती पुन्हा चालू करायची. विश्वस्तांनी अर्ज मागवावेत, आठ-दहा संघ निवडावेत, एका रिंकवर दोन आठवडे सामने लावावेत. स्टॅनलेच्या मूळ अटींशी हे सर्वांत जवळचे होते. अडचण वेळेची. हंगाम फेब्रुवारीच्या मध्यात रद्द झाला आणि वसंत संपेपर्यंत बर्फाचा सगळा मोसम आटोपतो. विश्वस्त दोनच. ना कचेरी, ना कर्मचारी, ना पैसा. सगळी यंत्रणा लीगची. साठ वर्षे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जेवलेल्या माणसाला चूल मांडायला सांगण्यासारखे होते ते.

चौथा पर्याय गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन यांनी जाहीरपणे मांडला: या वर्षी चषक महिलांच्या सर्वोत्तम संघाला द्या. स्टॅनले ज्या पदावर होते त्याच पदावरच्या बाईंनी हे सुचवावे, आणि स्टॅनलेची मुलगी हॉकी खेळत असावी, यात एक नैसर्गिक जुळणी होती. काहींनी थट्टा केली. थट्टा बाजूला ठेवली तरी 'सर्वोत्तम संघ' ठरवायचा कसा हा प्रश्न राहतोच. त्या एप्रिलमध्ये महिलांच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाला शूटआउटमध्ये हरवले. निकष जागतिक स्पर्धेचा ठेवला असता तर कॅनडाच्या गव्हर्नर जनरलचा चषक त्यांच्याच सूचनेने सीमेपलीकडे गेला असता.

आणि शेवटचा पर्याय, कोर्ट.

काय केले गेले

टोरांटोतले दोन जण कोर्टात गेले. हे दोघे दर बुधवारी रात्री मित्रांबरोबर रिंकवर खेळणारे हौशी खेळाडू. आपल्याकडे रविवारी सकाळी मैदानावर टेनिस बॉलने क्रिकेट खेळणाऱ्या टोळ्या असतात ना, तशी त्यांची टोळी. त्यांनी ऑन्टारिओच्या सुपीरियर कोर्टात लीग आणि विश्वस्त या दोघांविरुद्ध अर्ज केला. म्हणणे थोडक्यात असे: चषक लोकांसाठी दिलेला न्यास आहे. लीग चषकाची मालक नाही. आणि लीग खेळत नसेल तेव्हा तो दुसऱ्यांना द्यायचा अधिकार विश्वस्तांकडे शाबूत आहे.

हा निर्णयाचा टप्पा नीट बघण्यासारखा आहे. अर्जदारांना दोन वाटा होत्या. पहिली, १९४७ चा करारच रद्द ठरवा असे मागायचे. न्यासाच्या कायद्यातले जुने तत्त्व हाताशी होते: विश्वस्ताला काम दुसऱ्याकडून करून घेता येते, पण स्वतःचा विवेक त्याला कायमचा कुणाला देऊन टाकता येत नाही. लीगबाहेरचे आव्हान बघणारसुद्धा नाही असे लिहून देणे म्हणजे तेच नव्हे का? ही वाट लांबची आणि खर्चाची, शिवाय हरण्याचा धोका. हरले असते तर लीगची पकड कोर्टाच्या शिक्क्यानिशी पक्की झाली असती. दुसरी वाट, करार राहू द्यायचा आणि लीग खेळत नाही त्या वर्षापुरता अर्थ लावून घ्यायचा. प्रकरण मिटले ते या दुसऱ्या वाटेने.

दरम्यान ज्या घाईने अर्ज केला ती घाईच संपली. जुलै २००५ मध्ये मालक आणि खेळाडू यांचा समझोता झाला. छत आले, पहिल्या वर्षासाठी ३ कोटी ९० लाख डॉलरचे, म्हणजे फेब्रुवारीत खेळाडूंनी नाकारलेल्या आकड्यापेक्षाही खाली. ऑक्टोबरात सामने सुरू झाले. चषक देण्याजोगे २००४-०५ चे वर्ष मागे पडले. उरला तो फक्त पुढच्या वेळचा प्रश्न.

निष्पत्ती

७ फेब्रुवारी २००६ ला दोन्ही बाजूंत तडजोड झाली. मुख्य कलम: एखाद्या वर्षी लीगने स्पर्धाच घेतली नाही तर विश्वस्त चषक लीगबाहेरच्या संघाला देऊ शकतील. महिलांच्या आणि वंचित मुलांच्या हॉकीसाठी देणगी द्यायचेही लीगने मान्य केले.

वृत्तपत्रांनी याला हौशी खेळाडूंचा विजय म्हटले, आणि एका अर्थी तो होताच. लीग चषकाची मालक नाही हे आता नुसते चहाच्या टपरीवरचे मत राहिले नाही. पण 'देऊ शकतील' यातल्या 'शकतील'कडे बघा. 'देतील' नाही, 'द्यावा लागेल' नाही. २०१२ च्या सप्टेंबरात पुन्हा टाळेबंदी झाली तेव्हा हा शब्द कामी आला. हंगाम बुडालाच तरी चषक दुसऱ्या कुणाला देणे आमच्यावर बंधनकारक नाही, आणि लीगबाहेरचे आव्हान आम्ही बहुधा स्वीकारणार नाही, असे विश्वस्तांनी सांगितले. जानेवारी २०१३ मध्ये तोड निघाली, ४८ सामन्यांचा छोटा हंगाम झाला, आणि कलमाची परीक्षा टळली.

क्लार्कसनबाईंनी मग स्वतःच एक चषक करवला. कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुतमधल्या कारागिरांनी घडवलेला क्लार्कसन कप जुलै २००६ मध्ये कॅनडाच्या महिला संघाला दिला गेला. २००९ पासून तो महिलांच्या स्पर्धेसाठी खेळला जाऊ लागला. पहिला विजेता मॉन्ट्रियल स्टार्स. ज्या लीगचा तो झाला ती कॅनेडियन विमेन्स हॉकी लीग २०१९ मध्ये बंद पडली. चषक घडवून मिळतो, पण तो दरवर्षी देण्यासाठी कुणीतरी रिंकचे भाडे भरावे लागते. या एका मुद्द्यावर स्टॅनले कपचे विश्वस्त चूक नव्हते.

वेगळे काय करता आले असते

१९४७ मध्ये एक ओळ जास्त घालायला हवी होती: लीगने एखाद्या वर्षी विजेता ठरवला नाही तर त्या वर्षापुरते सर्व अधिकार विश्वस्तांकडे येतील. विसर्जनाची कल्पना केली, खंडाची केली नाही. १९१९ चा खंड त्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवा होता. रॉस तर तेव्हाही विश्वस्तच होते.

विश्वस्त नेमायची पद्धत हा त्याहून खोलवरचा दोष. उरलेल्याने दुसरा नेमायचा ही अट १८९३ मध्ये सोयीची होती, कारण तेव्हा व्यावसायिक लीगच नव्हत्या. दोनऐवजी तीन विश्वस्त असते, आणि त्यातला एक तरी लीगच्या पगारावर कधीच नव्हता अशी अट असती, तर २००५ च्या फेब्रुवारीत निदान चर्चा तरी टेबलावर झाली असती. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राहिलेले विलर्ड एस्टी १९८४ ते २००२ विश्वस्त होते, म्हणजे बाहेरचा माणूस सापडत नव्हता असे नाही. टाळेबंदी त्यांच्या जाण्यानंतर दोन वर्षांनी आली. ते असते तर वेगळे झाले असते का, हे सांगता येत नाही. प्रश्न तरी विचारला गेला असता असे मला वाटते.

अर्जदारांबद्दलही एक. त्यांची वेळ चुकली, आणि ती चुकणे जवळजवळ अटळ होते. हंगाम रद्द झाल्यावरच त्यांना तक्रारीचे कारण मिळाले, आणि तोवर चषक देण्याचे दिवस हातातून निसटत चालले होते. टाळेबंदी सप्टेंबरात लागली तेव्हाच, हंगाम बुडाल्यास काय, असे विश्वस्तांना लेखी विचारले असते तर उत्तर किंवा मौन यांपैकी काहीतरी कागदावर आले असते. आणि तडजोडीत 'देऊ शकतील'ऐवजी 'अर्ज मागवतील आणि नाकारल्यास कारण देतील' एवढे पदरात पाडून घेता आले असते, तर २०१२ मध्ये विश्वस्तांना एका वाक्यात विषय संपवता आला नसता.

एक प्रश्न कुणी विचारलेला मला दिसला नाही, म्हणून इथे नोंदवतो. समजा विश्वस्तांनी २००५ मध्ये 'देतो' म्हटले असते, तर नेमके काय उचलून दिले असते? स्टॅनलेने दिला तो दहा गिनींचा वाडगा. तो ठिसूळ झाला म्हणून १९६३ मध्ये मॉन्ट्रियलच्या एका चांदी-कारागिराकडून त्याची हुबेहूब नक्कल करून घेतली, आणि १९७० च्या सुमारास मूळ वाडगा निवृत्त झाला. आज मैदानावर फिरतो तो नकलेचा वाडगा, खाली नंतर जोडलेले गळे आणि पट्टे. न्यासाची अट ज्या भांड्याला चिकटलेली आहे ते भांडे हॉल ऑफ फेममध्ये आहे, त्या जुन्या बँकेच्या पोलादी दाराच्या तिजोरीत. मी तेही बघून आलो. काठावर बारीक चिरा, आणि आत कुठल्याशा संघांनी जागा नसताना दाटीवाटीने कोरलेली नावे. प्रदक्षिणा घालणारी गर्दी तिथवर फारशी येत नाही.

पिंपावरचे पट्टे भरले की सर्वांत जुना पट्टा काढतात, बाकीचे वर सरकवतात, खाली कोरा बसवतात. काढलेला पट्टा याच तिजोरीत येतो. एका पट्ट्यावर तेरा वर्षे मावतात. १९१९ ची 'मालिका अपूर्ण' ही नोंद वरच्या न निघणाऱ्या भागावर आहे, ती राहील. २००४-०५ ची ओळ पट्ट्यावर आहे. हिशोब असाच चालू राहिला तर २०७० च्या आसपास तिची पाळी येईल आणि ती मूळ वाडग्याशेजारी जाऊन बसेल.